थोरली, धाकटी आणि पुढची घोडी

आजच्या या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या गावच्या सरपंच आदरणीय रत्नाताई, माझ्या उजव्या हाताला बसलेले यात्रा कमिटीचे अध्यक्ष आणि टोमॅटोचे नामांकित बागायतदार बाळासाहेब, डाव्या हाताच्या खुर्चीवर ज्यांना बसायला सांगितलं होतं, पण जे हट्टानं खाली पहिल्या रांगेतच बसले ते माझे मित्र कुंडलिक मिस्त्री, त्यांच्या शेजारी धोंडाबाई वहिनी, पंचक्रोशीतले सर्व गाडामालक, घोडीस्वार आणि निवेदक, महिला मंडळ, कॉलेजची मुलंमुली, आणि मागे मासवडीच्या पातेल्याजवळ उभी असलेली मंडळी, ज्यांचं माझ्याकडे लक्ष नाही हे मला इथून स्पष्ट दिसतंय. आपणा सर्वांना सोमाजीचा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिलेली आहेत. घड्याळ खिशात आहे, पण आज मी ते लावू शकत नाही. का, ते पुढे येईल.

माझ्या आधी चार जण बोलले. चौघांनीही सांगितलं की सोमाजीच्या घड्याळानं कधी कुणाचं तोंड बघितलं नाही. मानपत्रातही तेच वाक्य सोनेरी शाईनं छापलंय. मानपत्र सुंदर आहे, चौकट मजबूत आहे. फक्त त्या एका वाक्याबद्दल मला दोन शब्द बोलायचे आहेत. ते ऐकून झाल्यावर ही शाल माझ्या खांद्यावर ठेवायची की परत घ्यायची, हे रत्नाताईंनी ठरवावं. मी घडी मोडलेली नाही.

पंच्याण्णवच्या यात्रेपासून मी आपल्या घाटावर घड्याळ धरतोय. एकतीस वर्षं झाली. मधली शर्यतबंदीची सात वर्षं त्यात धरलेली आहेत. त्या सात वर्षांत माझ्या घड्याळाबद्दल एकही तक्रार आली नाही, हे मी नम्रपणे नमूद करतो.

बाहेरगावचे पाहुणे आलेत, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घाट म्हणजे आमची शर्यतीची चढती धावपट्टी. आपल्याकडच्या शर्यतीत गाड्याला चार बैल असतात, गाड्यावर माणूस नसतो. पुढं घोडी पळते, घोडीच्या मागं बैल. निशाण पडलं की घड्याळ सुरू, वरची दोरी ओलांडली की बंद. या एका पळण्याला बारी म्हणतात. सेकंदाचे शंभर भाग करायचे, त्यातल्या एका भागाला आमच्या घाटावर पॉइंट म्हणतात. आणि बारी झाली की आधी घड्याळ मालकाला दाखवायचं, मगच माइकवर आकडा सांगायचा. ही शेवटची पद्धत मी पाडली. कृपया ती लक्षात ठेवा.

यंदा कमिटीनं सेन्सर बसवला. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी हर्षाली, म्हणजे कुंडलिकची नात, तिनं तो बसवला. दोन खांब आणि मधे एक न दिसणारा किरण. म्हणून तर आज माझा निरोप आहे. मला वाईट वाटलेलं नाही. मी तिला एवढंच विचारलं, "बाळ, तुझ्या या यंत्राला बहीण आहे का?" ती म्हणाली, "नाही आजोबा." म्हटलं, मग चालेल.

हे मी का विचारलं ते जुन्या मंडळींना माहीत आहे. दोन हजार तीनच्या यात्रेत माझ्या सख्ख्या बहिणीच्या, प्रयागबाईच्या मालकांचा, म्हणजे रामदास भाऊजींचा गाडा दोन पॉइंटांनी पहिल्या नंबरातून गेला. संध्याकाळी प्रयाग घरी आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. बाहेरूनच म्हणाली, "दोन पॉइंट म्हंजी किती रं?"

मी म्हटलं, "पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळ."

"मग तुझी पापणी एकदा लवली न्हाई व्हय?"

त्यानंतर सात भाऊबीजा माझ्या कपाळाला ओवाळणीचं कुंकू लागलं नाही. प्रयागबाई त्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसलेल्या आहेत. आठव्या वर्षी त्या आल्या, याबद्दल मी त्यांचे जाहीर आभार मानतो.

आता मुख्य विषयाकडे येतो. मंडपाच्या दारात दोन गाड्या उभ्या आहेत. येताना आपण पाहिल्याच असतील. पोरांना सांगा, चढू नका. दोन्ही इंग्लंडच्या, दोन्ही एकाच कंपनीच्या, दोन्ही हिरव्या, दोन्हींत दोनच माणसं बसतात. कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण गावात ते कुणालाच नीट घेता येत नाही. आपण त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो. थोरली सदुसष्ट सालची आहे, धाकटी तेवीस सालची.

थोरली इथं कशी आली? अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात पुण्याचे एक गृहस्थ तिच्यातून नाशिकला निघाले होते. कळंबला पोचले आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. कुंडलिक तेव्हा चोवीस वर्षांचा होता. गॅरेज म्हणजे एक कडुलिंब आणि कडुलिंबाखाली एक पेटी. गृहस्थ म्हणाले, "आठवड्यानं येतो," आणि एसटीनं गेले. ते चार वर्षांनी आले. तोवर कुंडलिकनं गाडी तीनदा खोलून तीनदा जोडली होती आणि तिच्यावर घरातली गोधडी घातली होती. गृहस्थांनी गोधडी पाहिली आणि म्हणाले, "आता ही तुमचीच." कागदही करून दिले. ती गोधडी वहिनींच्या माहेरची होती, हे वहिनी अजून सांगतात.

मग धाकटी कशासाठी? तर बाळासाहेबांनी चाळीस वर्षं कुंडलिककडे थोरली मागितली. दर यात्रेला मागितली. कुंडलिकचं उत्तर ठरलेलं. "पावणं, च्या घ्या." शेवटी टोमॅटोचं ते वर्ष आलं. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी नारायणगावच्या बाजारात लोक टोमॅटोला हात लावायच्या आधी चप्पल काढत होते. त्या वर्षी बाळासाहेबांनी धाकटी आणली. लोकांना वाटलं हौस. मला विचाराल तर, जुनी मिळेना म्हणून माणसानं नवी आणली. बाळासाहेब, चुकत असेन तर मान हलवा. हलवली नाही, म्हणजे बरोबर आहे.

आता तुलना करू. बसण्यापासून सुरुवात करू या. थोरलीत बसायचं म्हणजे आधी एक पाय आत, मग देवाचं नाव, मग उरलेला माणूस. धाकटीत बसणं सोपं आहे, उठणं अवघड. बाळासाहेबांना उठवायला त्यांचा मुलगा सुदर्शन लागतो. सुदर्शन घरी नसला तर बाळासाहेब फिरून येतात आणि गाडीतच बसून फोन करतात.

थोरलीला छप्पर नव्हतं. कुंडलिकनं मंचरच्या ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेतलं. ताडपत्री निळी आहे. पावसात गाडी झाकलेल्या कांद्याच्या ढिगासारखी दिसते, पण आत थेंब येत नाही. धाकटीचं छप्पर बटण दाबलं की आपणहून उघडतं. अकरा सेकंद चाळीस पॉइंट लागतात, मी मोजलेत. चांगला गाडा तेवढ्या वेळात घाट चढतो.

कळंबपासून मंचरच्या बाजारपेठेपर्यंत तेव्हा अकरा स्पीडब्रेकर होते. थोरली ते उडी मारून पार करते. आतला माणूस थोड्या वेळानं खाली येतो. धाकटी ते तिरकी होऊन पार करते आणि त्याआधी सुदर्शन खाली उतरून वाकून बघतो. म्हणजे मंचरला जाऊन येईपर्यंत सुदर्शन बावीस वेळा वाकतो. त्याची कंबर पूर्वीपेक्षा सुधारली आहे.

धाकटीला माणसाची काळजी फार. शेजारच्या सीटवर बाळासाहेबांनी एकदा टोमॅटोचं क्रेट ठेवलं. गाडी ओरडायला लागली. पट्टा लावा, पट्टा लावा. थांबेचना. शेवटी त्यांनी क्रेटला पट्टा लावला. ते क्रेट नारायणगावपर्यंत पट्टा लावून गेलं. बाजारात हमाल म्हणाला, "मालक, याला हेल्मेट न्हाई आणलं?"

थोरलीला कुणाचीच काळजी नाही. तिला पट्टाच नाही. दाराला आतून सुतळी आहे.

धाकटी गावात आली त्या दिवशी कुंडलिक बघायला गेला. बॉनेट उघडायला लावलं. आत काळं प्लास्टिकचं झाकण. "ह्येच्या खाली काय हाय?" सुदर्शन म्हणाला, "इंजिन." "मग दाखव की." "काका, ते कंपनीतच उघडतात." कुंडलिकनं बॉनेट हळूच लावलं आणि म्हणाला, "म्हंजी गाडी तुमची, इंजिन त्यांचं." एवढं बोलून चहा न घेता निघून आला. खरं सांगायचं तर धाकटी एकदाही बंद पडलेली नाही. हे मी सुदर्शनसाठी सांगतो, त्याचा चेहरा उतरलाय. फरक एवढाच, की थोरली कशानं बंद पडली ते तिच्याकडं बघून कळतं. धाकटी बंद पडलीच, तर पुण्याहून लॅपटॉप आल्यावर कळेल.

हे हसण्यावारी चाललं होतं. पण त्याच हिवाळ्यात कुंडलिकच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, तीन नळ्या चोंदल्यात, ऑपरेशन करा, उशीर करू नका. कुंडलिक मिस्त्री माणूस. त्याचा एक नियम आहे, जो गॅरेजच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलेला होता. "चालत्या इंजिनाला पाना लावू नये." हा नियम त्यानं डॉक्टरांना सांगितला. वहिनींना सांगितला. मुलगा नोकरीवरून रजा टाकून आला, त्यालाही सांगितला. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायचा आणि म्हणायचा, "चाललंय की." मीही सांगून बघितलं. मला म्हणाला, "सोमा, तू घड्याळ बघ. गाडी मी बघतो."

मग यात्रा जवळ आली. वर्ष दोन हजार चोवीस. पारावर कुणीतरी विषय काढला, थोरली भारी का धाकटी? आता असला प्रश्न शहरातल्या लोकांनी कसा सोडवला असता मला माहीत नाही. पुस्तकात बघितलं असतं. आपल्याकडं एकच पद्धत आहे. घाटावर आणा.

कुंडलिकनं तिथंच सगळ्यांसमोर शब्द टाकला. "माझी गाडी जितली, तर ऑपरेशनचं नाव कुणी काढायचं न्हाई. हरली, तर गाडी बाळासाहेबाची आन मी डॉक्टरचा." बाळासाहेब म्हणाले, "मिस्त्री, असली पैज नको." कुंडलिक म्हणाला, "घाबरलास व्हय?" संपलं. आमच्या भागात हा प्रश्न विचारल्यावर पुढे चर्चा होत नाही.

यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी धोंडाबाई वहिनी माझ्याकडं आल्या. ओट्यावर बसल्या. पाणी घेतलं नाही. म्हणाल्या, "भावजी, उद्या त्यांची गाडी हरू द्या."

मी म्हटलं, "वहिनी, हरवणारा मी कोण? घड्याळ सांगंल ते."

"तेच म्हनते मी. घड्याळ तुमच्या हातात हाय."

मी ताठ बसून म्हटलं, "वहिनी, घड्याळाला वहिनी नसती." मला ते वाक्य त्या वेळी चांगलं वाटलं होतं. वहिनी उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बरं. मग मला तरी मालक कुठं ऱ्हानार हायेत." आणि गेल्या. त्या रात्री मी जेवलो नाही. घरात कुणी विचारलं नाही, कारण मी आदल्या वर्षीही यात्रेच्या आधी जेवलो नव्हतो, ते अपचनामुळं.

आता शर्यत. कमिटीची बैठक बसली. प्रश्न एकच होता. गाड्यांच्या पुढं घोडी पळवायची की नाही? सुदर्शन म्हणाला, "अहो, मोटारीला घोडी कशाला?" ज्येष्ठ मंडळी म्हणाली, "घोडीबिगर बारी न्हाई." अध्यक्ष बाळासाहेब होते. स्वतःच्या मुलाच्या विरुद्ध त्यांनी निर्णय दिला, की घाट तोच, निशाण तेच, घोडी तीच. मुलगा त्यांच्याशी दोन दिवस बोलला नाही, पण नियम हा नियम. त्या क्षणी मला बाळासाहेबांचा अभिमान वाटला होता. आज माझी मान त्यांच्यापुढं खाली आहे.

पहिली बारी धाकटीची. सुदर्शन आत. भंडारा उधळला. घोडी सुटली, निशाण पडलं, मी बटण दाबलं. धाकटीनं असा काही आवाज केला की माझ्या शेजारचा ढोलवाला थांबला. आणि दहा पावलं आल्यावर गाडीनं आपणहून ब्रेक लावला.

मंडळी, धाकटीच्या नाकाजवळ एक डोळा आहे. पुढं जनावर आलं तर ती स्वतःच थांबते. जीव वाचावा म्हणून कंपनीनं केलेली ही सोय आहे आणि ती उत्तम आहे. इंग्लंडात गाडीपुढं मुद्दाम घोडी पळवायची पद्धत नसावी, एवढंच. सुदर्शननं पुन्हा दाबलं, गाडी पुन्हा धावली, पुन्हा तिला घोडी दिसली. असं तीन वेळा झालं. धुरळ्यात आणि भंडाऱ्यात खालच्या लोकांना काही कळलं नाही. तेरा सेकंद बेचाळीस पॉइंट. मी घड्याळ सुदर्शनला दाखवलं, मग माइकवर सांगितलं. थोडक्यात, घोडी नसती तर धाकटी किती सेकंदांत वर आली असती ते मला विचारू नका. झोप उडेल.

दुसरी बारी थोरलीची. थोरलीला पुढचं काही दिसत नाही. काच तडकलेली, वायपर एक. तिच्यासाठी कुंडलिक बघतो, आणि कुंडलिक त्या दिवशी घोडीकडं बघतच नव्हता. घोडी मात्र मागं बघत होती. त्या घोडीनं आयुष्यातला पहिला आणि शेवटचा तसा पळ काढला. स्वार तिच्या मानेला मिठी मारून होता. दोघं दोरी ओलांडून पुढच्या ज्वारीत गेले, आणि त्यांच्या मागून थोरली. मी बटण दाबलं.

तेरा सेकंद एकतीस पॉइंट.

म्हणजे थोरली अकरा पॉइंटांनी जिंकली होती. होय. जिंकली होती. जरा शांत राहा. मागच्यांनी पातेलं हलवू नका.

मी दोरीपाशी होतो. गाडी माझ्यापासून पाच पावलांवर थांबली. पद्धत अशी, की मालक उतरून घड्याळ बघायला येतो. कुंडलिक उतरेना. मी बघितलं, तर एक हात सुकाणूवर, एक हात छातीवर, ओठ जांभळे, आणि माणूस हसत होता. सत्तर वर्षांचा माणूस, लहान पोर हसावं तसा हसत होता. मला एकदम कळलं, की मी हा आकडा माइकवर सांगितला तर पुढच्या यात्रेला ही जागा रिकामी असणार. मला भीती वाटली. तोवर घाटावर मला कधी भीती वाटली नव्हती. सहावीपासूनचा मित्र आहे माझा. आम्ही दोघांनी मिळून मार खाल्लेला आहे.

मी घड्याळ खिशात घातलं. कुणालाही न दाखवता. माइक हातात घेतला आणि सांगितलं, "जुनी गाडी, तेरा सेकंद त्रेपन्न पॉइंट."

बावीस पॉइंटांचं खोटं. अकरा पॉइंटांनी जिंकलेली गाडी मी अकरा पॉइंटांनी हरवली. उगाच जास्त कशाला, म्हणून तेवढंच. आणि एवढ्या हजारो लोकांत कुणी म्हणालं नाही की सोमाजी, घड्याळ दाखव. चांगलं नाव असण्याचा हा एक तोटा आहे. त्या माणसाला कुणी अडवत नाही.

कुंडलिक उतरला. माझ्याकडं एकदा बघितलं. चावी बाळासाहेबांच्या हातात ठेवली. सोमवारी वहिनी त्याला पुण्याला घेऊन गेल्या. ऑपरेशन चार तास दहा मिनिटं चाललं. पॉइंट मोजले नाहीत. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आणखी महिनाभर थांबला असतात तर आमच्याकडं यायची गरज पडली नसती. वहिनी तिथंच फरशीवर बसल्या आणि रडल्या. मी त्यांच्या शेजारी बसलो. मीही रडलो. आता बोलायला हरकत नाही.

मग सगळं चांगलं झालं का? कुंडलिक ठणठणीत झाला, तो तुमच्यासमोर बसलाय. पण गॅरेज बंद केलं. पेटीला कुलूप लावलं. दर गुरुवारी तो बाळासाहेबांच्या शेडमध्ये जातो आणि थोरलीसमोर उपड्या क्रेटवर बसतो. मी एकदा विचारलं, "काय करतोस रे?" म्हणाला, "कुठं कमी पडली ते बघतोय."

दोन वर्षं. दर गुरुवारी. जी गाडी कुठंच कमी पडली नव्हती, तिच्यात तो माणूस उणीव शोधत बसलाय, आणि मला माहीत आहे की काही सापडणार नाही. लोक मला रस्त्यात नमस्कार करायचे आणि तो नमस्कार मला पायात काटा मोडल्यासारखा लागायचा. मी ठरवलं होतं की हे माझ्याबरोबरच जाईल. पण त्या दिवसानंतर मी हे घड्याळ पुन्हा चालवलं नाही. गेली दोन वर्षं मी घाटावर दुसरं घड्याळ वापरतोय. खिशातल्या या घड्याळात आकडा तसाच आहे, तेरा एकतीस. आता सेल उतरलाय. आकडा फिका होत चाललाय. सेल बदलला तर आकडा पुसला जाणार, नाही बदलला तरी पुसला जाणार. म्हणून आजच बोलावं लागलं, ऐन सत्काराच्या दिवशी. रत्नाताई, त्याबद्दल दिलगीर आहे.

बाळासाहेब, थोरली तुमची नाही. तुमचा दोष काही नाही. तुम्ही दोन वर्षं तिला पोरीसारखी सांभाळली, आज स्वतः चालवत इथं आणली. पण ती हरलेली नाही, आणि पैज हरलेल्या गाडीची होती.

कुंडलिक... तू उभा का राहिलास? बस की. बरं, बोल.

मागच्यांना ऐकू आलं नसेल, तर मी सांगतो. कुंडलिक मिस्त्री म्हणतायत, "मला ठाव व्हतं."

कसं काय ठाव होतं रे?

म्हणतायत, "तू घड्याळ दाखवलं न्हाई. इतक्या वर्सांत पहिल्यांदा."

मग त्याच वेळी का नाही बोललास? सगळ्यांसमोर मागायचं घड्याळ!

थांबा, हे तो काय म्हणाला ते मी त्याच्याच शब्दांत सांगतो.

तो म्हणाला, "ज्या मानसानं सख्ख्या बहिनीच्या मालकाला दोन पॉइंट दिलं न्हाईत, तो माझ्यासाठी खोटं बोलला. तवा मला कळलं, मी मरनार हाय. डॉक्टरवर माझा इश्वास नव्हता. तुझ्यावर व्हता. लई घाबरलो राव. म्हनून गेलो."

आणि गुरुवारचं काय? दोन वर्षं उणीव शोधत होतास ते?

म्हणतायत, "ते तुला टोचावं म्हनून. कवा बोलतोस ते बघत व्हतो. लई वेळ लावलास. थोरली तेवढ्यात इंग्लंडला जाऊन आली असती."

हसा. हसायला हरकत नाही. मी दोन वर्षं झोपलो नाही, पण तुम्ही हसा.

बाळासाहेब काहीतरी म्हणतायत. जोरात बोला. "चावी गाडीलाच हाये." ऐकलं? चावी गाडीलाच आहे. बाळासाहेब, तुमचं मन मोठं आहे, आणि मिस्त्रीनं तुम्हाला कधीतरी चालवायला द्यावी अशी मी विनंती करतो. कुंडलिक म्हणतोय, "च्या घ्या."

प्रयागबाई, तू उभी राहू नकोस. तुझा प्रश्न मला माहीत आहे. "मिस्त्रीसाठी बावीस, आन माझ्या मालकासाठी दोन न्हाईत?" हा प्रश्न रास्त आहे. रामदास भाऊजींची तब्येत त्या वर्षी चांगली होती, एवढंच मी म्हणू शकतो. येत्या भाऊबीजेला मीच तुझ्याकडं येतो, उंबऱ्याबाहेर बसतो. आत घ्यायचं की नाही ते तू ठरव.

तर मंडळी, वेळ संपत आली आहे, किती ते आज मला सांगता येत नाही. एवढा मोठा मान दिल्याबद्दल यात्रा कमिटीचे, अध्यक्षा रत्नाताईंचे, मंडप, माइक आणि मासवडी करणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार. मानपत्रातलं ते वाक्य खोडून टाका, किंवा पुढं "एकदा सोडून" असं लिहा. हर्षाली, तुझं यंत्र खोटं बोलणार नाही, हे चांगलं आहे. पण मालक वर आल्यावर त्याच्या तोंडाकडं एकदा बघत जा. ते त्या किरणाला दिसायचं नाही. माझ्या बोलण्यात कुणाला काही लागलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, एखादी खरी गोष्ट जास्त झाली असेल, तर आपल्या घरचा माणूस म्हणून पदरात घ्या.

एक काम तेवढं राहिलंय. कुंडलिक, वर ये. हळू ये, पायरी आहे. चष्मा लाव, आकडा फार फिका झालाय. असं उन्हाकडं धरून बघ. दिसला?

पद्धतीप्रमाणे आधी मालकाला दाखवलं. आता माइकवर सांगतो.

जुनी गाडी, तेरा सेकंद, एकतीस पॉइंट.